क्लचशिवाय गिअर पडतो कसा?

आंबा घाट चढून वर गावात चहाला थांबलो होतो. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेलो. साखरप्यापासूनच क्लच जरा जड लागत होता, पण 'कोल्हापुरात गेल्यावर बघू' म्हणत गाडी तशीच दामटली होती. चहा झाला, गाडीत बसलो, क्लच दाबला. खाली कुठंतरी 'टक्' झालं आणि पॅडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाच्या टोकानं वर ओढलं, सोडलं, तर नुसतं लोंबकळत राहिलं. क्लच वायर तुटली होती.

बायकोनं लगेच फोन काढला. "टोचन करून न्यायला कोणी मिळतंय का बघते." तिचं काही चुकत नव्हतं. पण गाडी जुनी, रस्ता मोकळा, घाट मागे पडलेला आणि दिवस उजेडाचा. म्हटलं, "थांब, मलकापूरपर्यंत नेऊन बघतो." आणि नेली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पुन्हा खाली तिसरा, दुसरा. सगळे गिअर क्लचशिवाय टाकले. वाटेत दोनदा 'खर्रर्र' झालं, तेव्हा बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

नंतर हा किस्सा ज्याला ज्याला सांगितला, त्यातल्या बहुतेकांना वाटलं मी थापा मारतोय. "क्लच दाबल्याशिवाय गिअर पडेलच कसा?" प्रश्न रास्त आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी आपल्या डोक्यात जे पक्कं बसवलं जातं, ते हेच: क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. त्यामुळे क्लचच गिअर बदलतो अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात गिअर बदलायला लागतो तो वेगांचा मेळ. क्लच फक्त, तो मेळ आपल्याला नीट जमला नाही तरी, सांभाळून घेतो.

डब्यात काय आहे

इंजिनाच्या मागच्या तोंडाला फ्लायव्हील नावाचं जड लोखंडी चाक असतं. त्याच्या अंगाला क्लच प्लेट, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पाय वर असताना हे सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून इंजिन फिरलं की गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, तेवढ्याच वेगानं फिरतो. क्लच दाबला की दाब सुटतो, प्लेट मोकळी होते आणि इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स एकीकडे. क्लचचं काम इथेच संपलं.

आता गिअरबॉक्स. सोयीसाठी दोनच शाफ्ट धरू: एक इंजिनाकडून आलेला, दुसरा चाकांकडे जाणारा. दोघांवर मिळून दातेरी चाकांच्या जोड्या बसवलेल्या असतात, दर गिअरची एक जोडी. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: गाडी पुढे नेणाऱ्या गिअरांच्या या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा एक चाक दुसऱ्यापासून काढून तिसऱ्याला नेऊन लावतो, असं काही आत होत नाही. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळी चाकं सदासर्वकाळ फिरत असतात.

मग एकाच वेळी पाचही गिअर पडलेले का नसतात? कारण प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टला पक्कं असतं आणि दुसरं आपल्या शाफ्टवर मोकळं, मनगटात बांगडी फिरावी तसं. गिअर टाकायचा म्हणजे हव्या त्या जोडीतली बांगडी मनगटाला पक्की करायची. हे काम करतो स्लीव्ह नावाचा एक कडा, हातातल्या कड्यासारखा. तो शाफ्टबरोबर फिरतो आणि गिअरच्या दांड्यानं मागे-पुढे सरकतो. सरकून तो बांगडीच्या अंगावरच्या छोट्या दातांवर चढला की दोघं एकजीव होतात. या दातांना गॅरेजच्या भाषेत 'डॉग' म्हणतात. कुत्र्याचा संबंध काय ते मलाही कुणी सांगितलेलं नाही.

म्हणजे गिअर बदलताना दोनच गोष्टी व्हायला हव्यात. जुन्या बांगडीवरून कडा उतरायला हवा, आणि नव्या बांगडीवर चढायला हवा.

आधी बाहेर काढणं

जुन्या वाड्याच्या दाराला आतून आडवी कडी असते. बाहेरून कुणी दारावर रेलून उभं असेल तर ती कडी काही केल्या सरकत नाही. ओढून हात दुखतो. पण दाराला आतून जरासा रेटा दिला, दाब क्षणभर हलका झाला, की एका बोटानं निघते.

गिअरचं अगदी हेच. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना इंजिन चाकांना पुढे रेटत असतं, तेव्हा सगळा जोर त्या छोट्या दातांवर एका बाजूनं असतो. कडा अडकून बसतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तर उलटं होतं: आता चाकं इंजिनाला ओढत असतात, आणि जोर दातांच्या दुसऱ्या बाजूला जातो. तरीही अडकलेलाच. पण या दोन अवस्थांच्या मध्ये एक क्षण असतो जेव्हा इंजिन गाडीला ओढत नसतं आणि गाडीही इंजिनाला ओढत नसते. त्या क्षणी दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा न्यूट्रलला येतो.

हा क्षण पकडायचा कसा? दांड्यावर न्यूट्रलच्या दिशेनं दोन बोटांचा हलका ताण आधीच ठेवायचा, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलायचा. क्षण आला की दांडा आपोआप सुटतो. जोर लावून ओढण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याला जोर लावावा लागतोय त्याचा क्षण चुकलाय, एवढंच. आणि क्लच दाबतो तेव्हा तरी आपण काय करतो? इंजिन तोडून टाकून हाच 'बिनजोराचा' क्षण हवा तेवढा लांबवतो.

मग आत घालणं

हे जरा कठीण. जात्यावर दळताना पाहिलेलं असेल त्यांना लगेच कळेल. एक बाई एकटीच दळतेय, जातं गरगर फिरतंय, आणि दुसरी तिच्या मदतीला येऊन बसते. ती काही सरळ हात पुढे करून फिरता खुंटा पकडत नाही. पकडला तर हात झटकला जाईल. ती आधी हात खुंट्याबरोबर त्याच गतीनं एक-दोन फेरे फिरवते, आणि मग मूठ आवळते. पहिलीला कळतही नाही इतकं ते अलगद होतं.

कडा आणि बांगडी यांचंही तसंच. दोघंही फिरतायत, पण वेगवेगळ्या गतीनं. गती सारखी झाली तर दात दातांत अलगद जातात. नाही झाली तर टोकावर टोक आपटत राहतं आणि आपल्याला तो ओळखीचा 'खर्रर्र' ऐकू येतो.

सारखी म्हणजे किती? एक उदाहरण मांडू. समजा एका लहान गाडीचा दुसरा गिअर 2.0 चा आहे, म्हणजे चाकांकडच्या शाफ्टचा एक फेरा व्हायला इंजिनाचे दोन फेरे. तिसरा 1.4 चा आणि चौथा 1.0 चा. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 3000 फेरे घेतंय. त्याच 40 च्या वेगाला तिसऱ्यात ते किती घेईल? 3000 ला 2.0 ने भागा, 1.4 ने गुणा: 2100. चौथ्यात 1500.

तर दुसऱ्यातून तिसऱ्यात क्लचशिवाय जायचं असेल तर कृती ही: न्यूट्रलला यायचं, ॲक्सिलरेटर सोडलेलाच ठेवायचा, इंजिनाचे फेरे 3000 वरून 2100 पर्यंत खाली पडू द्यायचे, आणि नेमक्या त्या वेळी दांडा तिसऱ्यात. उलट तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं असेल तर इंजिन 2100 वर आहे आणि हवंय 3000. मग न्यूट्रलला आल्यावर ॲक्सिलरेटरला एक टिचकी द्यायची, फेरे 3000 च्या थोडे वर न्यायचे, आणि ते खाली येता येता दांडा दुसऱ्यात. वर जाताना वाट पाहायची, खाली येताना रेस द्यायची.

डॅशबोर्डवर फेरे दाखवणारा काटा असेल तर उत्तम. माझ्या त्या गाडीत नव्हता. पण कान आहेत. इंजिनाच्या आवाजाची पट्टी फेऱ्यांच्या प्रमाणातच चढते-उतरते. 3000 ते 2100 हे प्रमाण पेटीवर वाजवून पाहायचं तर साधारण तीव्र मध्यमावरून षड्जावर येण्याएवढं आहे. ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांनीही घाबरू नये. ज्या गाडीत आपण वर्षानुवर्षं बसतो, तिचा 40 ला तिसऱ्या गिअरमधला आवाज आपल्या कानात आधीच साठलेला असतो. फक्त तो कधी मुद्दाम ऐकलेला नसतो.

सिंक्रो नावाचा गडी

इथे कुणीतरी म्हणेल, की रोज क्लच दाबून गिअर टाकताना आम्ही कुठे फेरे मोजतो? बरोबर. ते काम सिंक्रोनायझर करतो. कडा आणि बांगडी यांच्यामध्ये पितळेची एक रिंग असते, आतून शंकूच्या आकाराची. दांडा ढकलला की दात भिडायच्या आधी ही रिंग बांगडीच्या शंकूवर घासते आणि तिची गती कड्याच्या गतीला आणते. गती सारखी होत नाही तोवर रिंगेचे दात कड्याच्या वाटेत आडवे उभे राहतात. झाली की बाजूला होतात. दांडा टाकताना मधेच एक मऊ अडथळा जाणवतो आणि मग 'गप्' करून जातो, तो हाच.

आता एक महत्त्वाची गोष्ट. क्लच दाबलेला असताना या बिचाऱ्या रिंगेला किती वजन आवरायचं असतं? एक शाफ्ट, काही दातेरी चाकं आणि हलकी क्लच प्लेट. निमिषात होतं. पण क्लच न दाबता तोच दांडा ढकलला तर त्या शाफ्टला पूर्ण इंजिन जोडलेलं असतं: क्रँकशाफ्ट, पिस्टन, कित्येक किलोंचं फ्लायव्हील. बोटभर रुंदीच्या पितळी रिंगेनं ते सगळं 900 फेऱ्यांनी खाली आणायचं? घासून घासून संपेल ती. म्हणून क्लचशिवाय गिअर टाकायचा तर गती जुळवण्याचं काम आपल्या उजव्या पायानंच करायला हवं. रिंगेवर सोडायचे ते शेवटचे पन्नास-शंभर फेरे.

त्यातून दुसरी युक्ती निघते. फेरे जुळत आले असं वाटलं की दांडा ठोकायचा नाही. गिअरच्या तोंडाशी नेऊन दोन बोटांनी नुसता टेकवून धरायचा. गती जुळली की रिंग वाटेतून बाजूला होते आणि दांडा स्वतःच आत जातो. त्याला यायचं तेव्हा तो येतो.

रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत ही रिंगच नसते, हे जाता जाता सांगतो. म्हणून गाडी पूर्ण थांबायच्या आत रिव्हर्स टाकला की हमखास खर्रर्र होतो. आणि मागे जाताना जो 'ऊंऽऽ' असा आवाज येतो तो रिव्हर्सच्या चाकांचे दात तिरपे नसून सरळ कापलेले असतात त्याचा.

ही रिंग नव्हती तेव्हा

आजच्या गिअरबॉक्सचा पूर्वज, म्हणजे चाकं सरकवून बदलायचा गिअरबॉक्स, फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या कंपनीनं 1891 च्या सुमारास आणला. त्यात दातेरी चाकं खरोखरच सरकवून एकमेकांत घुसवायची असत. 'रांगडं आहे, पण चालतंय,' असं लव्हासोर त्याबद्दल म्हणाल्याचं सांगतात. ज्यानं तो आवाज ऐकलाय त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनिअरनं सिंक्रोची रचना काढली आणि 1928 मध्ये कॅडिलॅक गाडीत ती पहिल्यांदा बाजारात आली. तरी ती सगळ्या गिअरांना मिळायला बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. चालत्या जीपला पहिला टाकणं ही त्या काळी ड्रायव्हरची परीक्षाच असायची.

हे सगळं मला शिकवलं ते मामानं. मामा एसटीत ड्रायव्हर होता. कऱ्हाड–चिपळूण फेरीला सुट्टीत मी त्याच्या मागच्या सीटवर बसून जायचो. कुंभार्ली घाटात गाडीनं दम टाकला की त्याचा डावा पाय एकदा खाली जायचा, दांडा मधे यायचा, पाय वर. मग इंजिनाची एक डरकाळी. पाय पुन्हा खाली, आणि दांडा खालच्या गिअरमध्ये. एका गिअरसाठी क्लच दोनदा. मला वाटायचं हा त्याचा नखरा आहे.

त्याला डबल क्लच म्हणतात. नखरा त्यात काही नाही. न्यूट्रलला येऊन मामा क्लच सोडायचा तो एवढ्यासाठी, की त्या वेळी इंजिन पुन्हा गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलं जातं. मग रेस दिली की इंजिनाबरोबर शाफ्टही हव्या त्या गतीला येतो. त्यानंतर क्लच दाबून गिअर टाकला की दात अलगद बसतात. पायाखाली क्लच असूनही वेग जुळवण्याचं काम तो स्वतः करत होता. एकदा रिकाम्या गाडीत डेपोकडे परतताना मी विचारलं, "मामा, क्लच दाबलाच नाही तर?" तो हसला, आणि पुढचे तीन गिअर क्लच न दाबता टाकून दाखवले. नंतर त्यानंच मला जुन्या जीपवर शिकवलं. दर वेळी खर्रर्र झाला की एकच वाक्य: "भाच्या, कान कुठंय तुझा?"

अमेरिकेतल्या मोठ्या मालट्रकचे ड्रायव्हर तर हे दिवसभर करतात. तिकडच्या अवजड ट्रकांत ईटन-फुलर बनावटीचे 10, 13, 18 गिअरांचे डबे चालत आलेत, आणि त्यांत सिंक्रो नसतो. एवढ्या गिअरांना दर वेळी दोनदा क्लच मारायचा तर गुडघ्याचं भजं होईल. म्हणून गाडी हलवताना आणि थांबताना तेवढा क्लच, बाकी सगळे गिअर फेरे जुळवून नुसते 'तरंगवत' टाकायचे; तिकडे याला फ्लोट करणं असंच म्हणतात. तिथे गिअर जवळजवळ असल्यानं दोन गिअरांमध्ये साधारण 300 ते 500 फेऱ्यांचाच फरक असतो, आणि सवयीच्या पायाला तो पाठ असतो.

मोटरसायकलवाल्यांना हे आधीच येतं

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नसतोच. डॉग जाडजूड असतात आणि त्यांच्यामध्ये ऐसपैस फट असते. फिरणारी वजनंही हलकी. त्यामुळे वरचा गिअर टाकताना पायानं लिव्हरवर हलका दाब ठेवून ॲक्सिलरेटरची मूठ क्षणभर बंद केली की गिअर पडतो. कित्येक जण वर्षानुवर्षं असंच चालवतात आणि त्यांना आपण काही विशेष करतोय याचा पत्ताही नसतो. खालचे गिअर मात्र असे टाकू नयेत. तिथे मुठीला नेमकी टिचकी द्यावी लागते, आणि चुकली तर मागचं चाक घसरतं.

हल्लीच्या महागड्या बाइकांत, आणि आता केटीएम 390 ड्यूक किंवा टीव्हीएस अपाची आरटीआर 310 सारख्यांतही, क्विकशिफ्टर येतो. वरचा गिअर टाकताना तो दुसरं काही करत नाही. लिव्हरवर पायाचा दाब जाणवला की सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता इंजिनाचा जोर तोडतो. म्हणजे दारावर रेललेल्याला क्षणभर बाजूला करतो. कडी आपण काढतोच आहोत.

हातात गिअर असलेल्या स्कूटरच्या काळात तर क्लच वायर तुटणं ही घरगुती बाब होती. डिकीत एक जास्तीची वायर असायचीच. नसली तर स्कूटर न्यूट्रलमध्ये चालू करायची, बाजूनं धावत ढकलायची, आणि चालीचा वेग आला की पहिला टाकून उडी मारून बसायचं. ऑफिसच्या कपड्यांत हे करणारे काका ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको.

उभी गाडी हलवायची कशी

चालत्या गाडीत गिअर बदलणं एकवेळ जमतं. खरा प्रश्न पहिल्या गिअरचा. उभ्या गाडीचा वेग शून्य आणि चालू इंजिन 800 फेऱ्यांवर. हा मेळ कसा घालणार? इथे क्लचला नीटसा पर्याय नाही, अडचणीतल्या कसरती तेवढ्या आहेत. म्हणूनच क्लचचं खरं काम गिअर बदलणं हे नसून गाडी हलवणं आहे, असं मी म्हणतो.

मार्ग दोन. पहिला: इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका (बंद इंजिनाला दांडा बहुतेक वेळा मुकाट जातो, नाही गेला तर गाडी बोटभर पुढे-मागे ढकला), आणि सरळ सेल मारा. स्टार्टरची मोटर इंजिनाबरोबर आख्खी गाडीही ओढते. गाडी दोन-तीन गचके खाते, इंजिन धरतं आणि निघते. यासाठी बॅटरी ठणठणीत हवी, रस्ता सपाट हवा आणि पुढे जागा मोकळी हवी. नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल लागत नाही, पण त्यात एक गंमत आहे: ते बटण बहुधा पॅडलपाशी असतं. वायर तुटली तरी पॅडल खाली गेलं की गाडीला वाटतं क्लच दाबलाय.

दुसरा: इंजिन चालू, न्यूट्रल, आणि दोघांनी मागून ढकलायचं. वरच्याच उदाहरणात पहिला गिअर 3.5 चा धरला तर 800 फेऱ्यांना गाडीचा वेग येतो ताशी सुमारे 6 किलोमीटर, म्हणजे माणसाची भरभर चाल. तेवढा वेग आला की पहिला अलगद पडतो. ढकलणाऱ्यांना नंतर गाडीत कसं घ्यायचं, हे आधी ठरवून ठेवा.

थांबताना सोपं आहे. ब्रेकनं वेग कमी करत यायचं आणि गाडी गचके खाण्याआधी न्यूट्रल करायचं. इंजिन बंद करायचं ते गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच. चालत्या गाडीत बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जातं, आणि ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते.

आणि उतारावर हा प्रयोग अजिबात नको. न्यूट्रलला आलात आणि पुढचा गिअर पडला नाही, तर गाडीचा वेग वाढत जातो, हवे असलेले फेरे त्याबरोबर वाढतात, आणि तुम्ही त्यांच्या मागे धावत राहता. इंजिनाचा आवर नाही, सगळा भार ब्रेकवर. माझी वायर घाटाच्या वरच्या तोंडाला तुटली आणि पुढे कोल्हापूरच्या बाजूला जायचं होतं, म्हणून मी निघालो. तीच वायर कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना तिथेच तुटली असती, तर मी बायकोच्या आधी टोचनवाल्याला फोन लावला असता. चढावर वेगळा घोळ: वरचा गिअर टाकायला थांबलात की गाडीच मंदावते. तिथे दुसरा धरून गप चालत राहावं.

रोजच्या गाडीत हौस म्हणून हे करू नका, असं मात्र मी आवर्जून सांगतो. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये संगणक बसलेला असतो. धुराचे नियम पाळायला तो पाय उचलल्यावरही फेरे रेंगाळत खाली आणतो, त्यामुळे कानाचा अंदाज चुकतो. आणि चुकीची किंमत लगेच दिसत नाही. दर खर्रर्रला दातांची टोकं थोडी गोल होतात, रिंग थोडी झिजते. मग एक दिवस गिअर चालता चालता आपला आपण सुटायला लागतो. ओळखीच्या एका मिस्त्रीनं मला अशा गिअरबॉक्सचं काढलेलं ऑइल तळहातावर चोळून दाखवलं होतं. काळ्या तेलात बारीक सोनेरी चुरा चमकत होता, लग्नातल्या भुकटीसारखा. ते पितळ म्हणजे संपत आलेली रिंग.

तसा पुढच्या पिढीला हा प्रश्नच पडणार नाही. मारुतीनं 2014 मध्ये सेलेरिओत एएमटी आणलं, त्यात गिअरही यंत्रच बदलतं; ह्युंदाईनं 2020 मध्ये व्हेन्यूत आयएमटी: दांडा आहे, गिअर आपणच टाकायचा, पण क्लचचं पॅडलच नाही. दोन्हींत क्लच मात्र आहे. तो आत बसलेलं यंत्र दाबतं.

मलकापुरात शिरताना दुसऱ्यावर आलो, बाजारातल्या गर्दीआधीच न्यूट्रल केलं आणि उरलेल्या वेगावर एका गॅरेजच्या दारात गाडी नेऊन उभी केली. पोरगेल्या मिस्त्रीनं विचारलं, "टोचन कुणी केलं?" चालवत आणली म्हटल्यावर त्यानं पॅडल हातानं हलवून पाहिलं आणि काही न बोलता कामाला लागला. जुनी वायर बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाशी तारांचं झाडू झालं होतं. बऱ्याच तारा गंजलेल्या, म्हणजे केव्हाच्याच तुटलेल्या. ताज्या चकचकीत तुटलेल्या दोन-तीनच. साखरप्यापासून जड लागत होता तो क्लच त्या दोन-तीन तारांवर आंबा घाट चढून आला होता.

नवी वायर पडली, पॅडल हलकंफूल झालं आणि आम्ही निघालो. बांबवड्याच्या आत मी दोनदा क्लचला पाय न लावताच तिसरा टाकला.

"अरे," बायको म्हणाली, "आता आहे ना क्लच!"